कुत्री खाली गेली: कोणती तपासणी आधी, आणि खर्च किती?

कुत्री दोन माजांना लावली, दोन्ही वेळा खाली गेली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. किंवा गाभण राहिली, पोट दिसायला लागलं, आणि पन्नासाव्या दिवसाच्या आसपास एका सकाळी गादीवर अर्धवट वाढलेली पिल्लं पडलेली दिसली. ब्रीडर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं काही टाकलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि बहुतेक सल्ले एकाच वळणाचे असतात: गर्भाशयात इन्फेक्शन असणार, स्वॅब कल्चर करा, तोवर अमुक गोळ्या चालू करा. जंतूंमुळे कुत्र्यांची प्रजनन क्षमता जाते हे खरं. पण हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. जी चाचणी पहिली करायची ती शेवटी होते, नको ती दोनदा होते, आणि ज्या एका जंतूची धास्ती घ्यायला हवी त्याची चाचणी भलतीच केली जाते.

पुढे दिलेले दर पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. शहर, दवाखाना आणि कुत्र्याचं वजन यांनुसार ते बरेच खाली-वर होतात. म्हणून नमुना द्यायच्या आधी फोन करून दर विचारावा, आणि 'यात नमुना घेण्याचे पैसे धरले आहेत का' हेही विचारावं. बिल फुगतं ते बहुधा तिथेच.

आधी तारीख तपासा

धडधाकट कुत्री खाली जाण्याचं सगळ्यात मोठं कारण चुकीच्या दिवशी केलेलं मेटिंग हे आहे. आपल्याकडे ब्लीडिंग दिसल्यापासून अकरावा आणि तेरावा दिवस धरायची पद्धत घट्ट रुजली आहे. बऱ्याच कुत्र्यांना ती लागूही पडते. पण काही कुत्र्यांत बीज सातव्या-आठव्या दिवशीच सुटतं, तर काहींत विसाव्या दिवसानंतर. शिवाय कुत्रीचं बीज सुटल्या सुटल्या फळत नाही, त्याला पक्व व्हायला दोनेक दिवस लागतात. लॉक पडलं, वीस मिनिटं टिकलं, सगळे खूश. आणि बीज अजून सुटलेलंच नाही, असं नेहमी घडतं.

यावर दोन तपासण्या आहेत. योनीतल्या पेशींची स्लाइड, म्हणजे सायटॉलॉजी, साधारण ३०० ते ८०० रुपयांत होते. ओलसर कापसाची काडी आत फिरवून काचेवर लोळवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. माज चढत जातो तशा गोल, ठसठशीत केंद्रक असलेल्या पेशी कमी होतात आणि कोनाकोनांच्या, केंद्रक पुसट झालेल्या चपट्या पेशींनी स्लाइड भरते. माज उतरला की एकदोन दिवसांत चित्र पालटतं, गोल पेशी परत येतात आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या पेशींचा लोंढा येतो. हा लोंढा नैसर्गिक आहे. घाईत बघणारा त्यालाच 'पस सेल्स भरपूर' म्हणतो आणि औषधाची चिठ्ठी लिहितो. स्लाइड माजाच्या कितव्या दिवशी घेतली हे रिपोर्टवर नसेल, तर त्या रिपोर्टला फारशी किंमत देऊ नका.

दुसरी तपासणी रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनची. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत एका वेळचे १,००० ते २,००० रुपये पडतात. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरेचदा निम्म्यात काम होतं आणि हार्मोन तेच असल्यामुळे तिथे करायला हरकत नाही. फक्त एका माजातले सगळे नमुने एकाच लॅबला द्या, कारण दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. रक्त साध्या नळीत घ्यायला सांगा, जेल असलेल्या नळीत आकडा खोटा कमी येऊ शकतो. एककही बघून घ्या. नॅनोग्रॅममध्ये ५ च्या आसपास आकडा म्हणजे बीज सुटण्याची वेळ, पण काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये रिपोर्ट देतात आणि तिथे तोच आकडा १६ च्या घरात दिसतो. एका माजात असे दोन ते चार नमुने लागतात, म्हणजे दोन ते आठ हजारांचा खर्च. स्टडची फी, प्रवास आणि पुढच्या माजापर्यंतचे सहा-सात महिने यांच्या मानाने हा खर्च मला तरी जड वाटत नाही. वेळ नीट साधूनही कुत्री दोनदा खाली गेली, तर मग जंतूंकडे वळा.

स्वॅब कल्चरवर किती विसंबायचं?

कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी मिळून ८०० ते १,८०० रुपये. हा पैसा सर्वाधिक वाया जातो, म्हणून इथे जरा थांबू.

निरोगी कुत्रीच्या योनीत जंतू असतातच. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, पाश्चुरेला, मायकोप्लाझ्मा ही सगळी तिथली नेहमीची मंडळी. तेव्हा अंगाने तंदुरुस्त, स्राव साफ, अशा कुत्रीचा मेटिंगआधी स्वॅब पाठवला तर काही ना काही उगवणार हे ठरलेलं. रिपोर्टवर 'ई. कोलाय, मध्यम वाढ' असं छापून येतं, खाली दहा-बारा औषधांची यादी, पुढे एस आणि आर अशी अक्षरं. ते पाहून मालक घाबरतो, डॉक्टरवर दबाव येतो आणि माजाच्या ऐन दिवसांत कुत्री अँटिबायोटिकवर जाते. त्यात साधे, निरुपद्रवी जंतू मरतात आणि जे औषधाला दाद देत नाहीत ते उरतात. काही औषधं तर गाभणपणात घातकच आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या पिल्लांच्या कूर्चेला बाधतं, डॉक्सिसायक्लिन त्यांच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं.

मग कल्चर कधी करायचं? लक्षण असेल तेव्हा. माज नसताना घाण वासाचा किंवा पूयुक्त स्राव, व्यायल्यावर ताप आणि काळपट दुर्गंधीचा स्राव, गाभडणं, किंवा पिल्लं जन्मून पहिल्या दोन-चार दिवसांत एकापाठोपाठ एक मरणं. अशा वेळी रिपोर्टमध्ये एकाच जंतूची दाट, निर्भेळ वाढ आणि स्लाइडवर पांढऱ्या पेशी असं जोडीने आलं तर त्याला अर्थ आहे. तीन-चार जंतूंची मिसळ आणि तुरळक वाढ असेल, तर ती बहुतेक काडी नेताना बाहेरच्या कातडीवरून लागलेली असते. म्हणून आवरण असलेली काडी वापरायला सांगा. ती आत खोलवर नेऊन मग उघडतात. नुसती कापसाची काडी बाहेरून टेकवून बाटलीत टाकत असतील तर पैसे देऊ नका. मायकोप्लाझ्मा साध्या प्लेटवर उगवत नाही, त्याला वेगळं माध्यम किंवा पीसीआर लागतं, तेव्हा तो शोधायचा असेल तर फॉर्मवर तसं लिहावं लागतं.

काही स्टडवाले 'कल्चर निगेटिव्ह' असा कागद मागतात. निगेटिव्ह स्वॅब म्हणजे सुरक्षित कुत्री, असं काही नाही. त्यांनी मागायचा कागद वेगळा आहे, तो पुढे येईल.

पायोमेट्रा: इथे घासाघीस नको

माज उतरून चार ते आठ आठवडे झालेत. कुत्री एकाएकी खूप पाणी पिते, खूप लघवी करते, खाणं सोडते, उलट्या करते, मागची जागा सारखी चाटते. हे पायोमेट्राचं चित्र, म्हणजे गर्भाशय पुवाने भरणं. माजानंतर प्रोजेस्टेरॉन दोनेक महिने चढं राहतं, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, स्राव साठतो, स्नायू ढिले पडतात आणि माजात उघड्या असलेल्या तोंडातून आत गेलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलायला, रान मोकळं मिळतं. तोंड उघडं असेल तर पू बाहेर दिसतो. बंद असेल तर काहीच दिसत नाही, फक्त पोट वाढतं. मेटिंग झालेलं असेल तर घरचे खुशीत असतात की गाभण आहे. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा सर्रास असतो. तिथल्या नोंदींवरून नसबंदी न झालेल्या साधारण पाचातल्या एका कुत्रीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार गाठतो, इतका तो नेहमीचा आहे.

निदान स्वस्त आणि लवकर होतं. सोनोग्राफी ८०० ते २,०००, रक्ताची सीबीसी ३०० ते ७००, किडनी-लिव्हरच्या तपासण्या १,००० ते २,०००. म्हणजे दोन ते पाच हजारांत, एका दुपारी, निकाल हाती येतो. इथे कल्चरची वाट बघायची नसते. गर्भाशय काढलं की त्यातल्या पुवाचा नमुना पाठवता येतो आणि तो योनीच्या स्वॅबपेक्षा कितीतरी खरा असतो.

ऑपरेशन खासगीत १५,००० ते ४०,०००. किडनीवर परिणाम झाला असेल आणि तीन-चार दिवस दाखल ठेवावं लागलं तर त्याहून वर. हेच ऑपरेशन धडधाकट कुत्रीवर, नसबंदी म्हणून, ६,००० ते १५,००० मध्ये होतं. ज्यांना पिल्लं घ्यायचीच नाहीत त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

तरुण, नामी कुत्री असेल आणि तोंड उघडं असेल तर प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं देऊन गर्भाशय रिकामं करायचा पर्याय आहे. त्यासाठी दाखल ठेवणं, वारंवार सोनोग्राफी, रक्त तपासण्या असं सगळं आलं, त्यामुळे 'बिनऑपरेशनचा' म्हणजे स्वस्त असं समजू नका. शिवाय दुखणं उलटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पुढच्याच माजाला लावायला सांगतात. तोंड बंद असेल तर हा मार्ग धोक्याचा आहे, गर्भाशय फुटू शकतं.

जाता जाता एक गोष्ट. रस्त्यावरच्या कुत्र्याने गाठलं म्हणून दिलं जाणारं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन, किंवा माज पुढे ढकलायचं इंजेक्शन, दोन्ही पायोमेट्राची शक्यता वाढवतात. काहीशे रुपयांच्या त्या सुईचं बिल दोन महिन्यांनी वेगळ्या नावाने येतं.

रक्तस्राव दिसला म्हणजे माज नव्हे

आपल्याकडे मोकाट कुत्र्यांत टीव्हीटी नावाची गाठ सर्रास आढळते. ती जंतूंमुळे होत नाही. समागमातून एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्यात रुजतात. योनीतून थेंब थेंब रक्त येत राहतं, मालक त्याला लांबलेला माज किंवा इन्फेक्शन समजून महिनाभर गोळ्या देतो. गाठीला काच टेकवून केलेली स्लाइड पाचशेच्या आसपास पडते आणि निदान पक्कं करते. उपचार व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांचा, आणि बहुतेक कुत्री बरी होतात. तसंच गोचीडतापात प्लेटलेट घसरल्या की माजाचं रक्त थांबता थांबत नाही. माज तीन आठवड्यांपलीकडे गेला आणि अंगावर गोचीड असतील, तर स्वॅबच्या आधी सीबीसी करा.

नराची तपासणी आधी का करत नाहीत?

कारण तो पाहुणा असतो आणि फी घेतलेली असते. वास्तविक नर तपासणं स्वस्त आणि सोपं. वीर्य तपासणी ८०० ते २,०००, वृषण आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी तेवढीच. वीर्य तीन भागांत येतं. मधला शुक्राणूंचा, शेवटचा प्रोस्टेटचा. प्रोस्टेटमध्ये संसर्ग असेल तर शेवटच्या भागात पांढऱ्या पेशी आणि जंतू दोन्ही सापडतात. मूत्रमार्गाच्या टोकाशी जंतू असतातच, त्यामुळे इथेही 'उगवलं' एवढ्यावर भागत नाही, किती उगवलं ते मोजून द्यायला सांगावं लागतं. प्रोस्टेटमध्ये फार थोडी औषधं उतरतात आणि ती चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ६२ दिवस लागतात. म्हणून औषध संपल्यावर आठवड्याभरात केलेली फेरतपासणी निव्वळ उधळपट्टी, ती दोन-अडीच महिन्यांनी करायची.

वीर्याच्या रिपोर्टवर शुक्राणूंची डोकी एकमेकांना चिकटलेली, शेपट्या वाकलेल्या, आणि जोडीला पांढऱ्या पेशी असं लिहून आलं, किंवा नराचा एक वृषण आधी सुजून मग बारीक होत गेला असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

ब्रुसेला: स्वस्त चाचणी आणि खोटा दिलासा

१९६६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लीलंड कारमायकेल यांनी गाभडणाऱ्या बीगल कुत्र्यांमधून एक जंतू वेगळा काढला. तो ब्रुसेला कॅनिस. कुत्र्यांचं प्रजनन संसर्गाने बिघडण्याच्या कारणांत हा सगळ्यात खडूस. कुत्री वरून ठणठणीत दिसते आणि ४५ ते ५९ दिवसांच्या दरम्यान गाभडते. त्यानंतर एक ते सहा आठवडे स्राव चालू राहतो आणि त्यात जंतू ठासून भरलेले असतात. कधी गर्भ लवकर विरून जातो आणि आपण म्हणतो खाली गेली. नरात वृषणाच्या मागची नळी सुजते, दुखते म्हणून तो चाटत राहतो, कातडी लाल होते, आणि सरतेशेवटी वृषण आक्रसतो. काहींच्या मणक्यात किंवा डोळ्यात हा जंतू जाऊन बसतो. समागमातून पसरतो तसा लघवी, स्राव, गाभडलेलं चाटणं-हुंगणं यांतूनही पसरतो. कृत्रिम रेतन केलं म्हणून सुटका नाही, जंतू वीर्यातच असतो. लस कुठेही नाही.

आता खर्चाचा मुद्दा. गावाकडे पशुवैद्यकाला 'ब्रुसेला टेस्ट करा' म्हटलं की बहुतेक ठिकाणी रोझ बेंगॉल होते. गाईम्हशींसाठी ही उत्तम, झटपट आणि अगदी स्वस्त चाचणी आहे, सरकारी प्रयोगशाळेत तर नाममात्र दरात होते. तिचं गुलाबी द्रावण ब्रुसेला अबॉर्टस या गाईंच्या जंतूपासून बनवतात. त्या जंतूच्या आवरणावर जी साखरेची साखळी असते ती कॅनिसच्या आवरणावर नसते. त्यामुळे कॅनिसविरुद्ध रक्तात कितीही प्रतिपिंडं असली तरी ती या द्रावणात गुठळी करत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, स्टडवाला तो लॅमिनेट करून ठेवतो, आणि नर गावोगाव फिरत राहतो.

रोझ बेंगॉल कुत्र्यासाठी अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही. गोठ्यावरचं कुत्रं गाईची किंवा शेळीची वार खातं, गाभडलेलं वासरू ओढून नेतं, आणि त्यातून त्याला गाई-शेळ्यांचा ब्रुसेला होऊ शकतो. तो या चाचणीत दिसतो. सोलापूर-लातूरकडे कारवान जात पाळणाऱ्यांची कुत्री शेतात आणि गोठ्यातच वाढतात, त्यांनी ही करावीच. २०१९ पासून देशात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आहे, पण कुत्रं त्यात कुठे नाही. ती लस कुत्र्याला टोचण्याचा आगाऊपणा करू नये.

कॅनिससाठी काय मागायचं? लॅबला सरळ विचारा: 'तुमच्या चाचणीत कॅनिसचं अँटिजेन आहे का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी लॅब बघा. कॅनिसची स्लाइडवरची गुठळी चाचणी किंवा रॅपिड किट ८०० ते २,००० च्या दरम्यान. या चाचण्यांचा स्वभाव लक्षात ठेवा. जुना संसर्ग त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही, पण निरोगी कुत्र्यालाही त्या कधी कधी पॉझिटिव्ह ठरवतात, कारण दुसऱ्याच कुठल्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं तिथे चिकटतात. म्हणून पहिल्या पॉझिटिव्हवर कुणी 'कुत्री मारा' म्हणत असेल तर थांबा, आणि पक्कं करायला पीसीआर करा. तो काही खासगी पशुवैद्यकीय लॅब १,५०० ते ३,५०० मध्ये करतात. पीसीआर एकंदर ब्रुसेला वंशाचा असला तरी चालतो, त्यात कॅनिस येतो. जंतू रक्तात सतत नसतो, त्यामुळे पीसीआर पॉझिटिव्ह आला तर खरा मानावा, निगेटिव्ह आला तर एवढ्यावर सुटलो म्हणू नये. रक्ताबरोबर योनीस्राव किंवा वीर्याचाही नमुना दिला तर सापडण्याची शक्यता वाढते.

संसर्ग झाल्यापासून प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. नवी कुत्री घरात आणली आणि आठवड्याभरात चाचणी निगेटिव्ह आली, तर ते उत्तर अर्धंच. तिला वेगळं ठेवून आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची, मगच बाकीच्यांत मिसळायचं. म्हणजे एका कुत्रीमागे चाचण्यांचेच दोन ते चार हजार. 'परदेशी ब्लडलाइन' म्हणून लाखाच्या भावात नर आणणाऱ्यांनी तर विक्रेत्याकडून हे लेखी घ्यावं. ब्रिटनमध्ये परदेशातून, विशेषतः रोमानियातून आणलेल्या कुत्र्यांत कॅनिस वारंवार सापडू लागला आणि २०२१ पासून तिथल्या प्रयोगशाळांना अशी केस सरकारला कळवणं सक्तीचं झालं. चालू स्टडची चाचणी वर्षातून दोनदा तरी, आणि कुत्रीची प्रत्येक मेटिंगआधी, असा रिवाज ठेवावा. मघाशी म्हटलेला, स्टडवाल्याने मागायचा कागद तो हाच.

पॉझिटिव्ह पक्का झाला तर? औषधं आहेत. डॉक्सिसायक्लिन महिना-दोन महिने, जोडीला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. गोळ्यांचा खर्च फार नाही. खर्च आहे तो किडनीच्या तपासण्या, पुनःपुन्हा ब्रुसेलाच्या चाचण्या आणि महिनोन्‌महिने वेगळं ठेवण्याचा. एवढं करून जंतू पेशींच्या आत दडून राहतो आणि औषध थांबलं की परत डोकं काढतो. म्हणून त्या कुत्र्याचं ब्रीडिंग कायमचं बंद, नसबंदी, आणि इतर कुत्र्यांपासून अंतर. 'औषध केलं, आता एक वेत घेऊ' हा हिशेब करू नका. परदेशातल्या मोठ्या केनेलांत असे प्राणी दयामरणाने काढून टाकतात. घरच्या एकुलत्या कुत्र्याबाबत काय करायचं हे डॉक्टर आणि कुटुंबाने मिळून ठरवावं.

हा जंतू माणसालाही लागतो. चढउतार करणारा ताप, रात्री घामाने भिजणं, सांधेदुखी. गाभडलेलं उचलताना हातमोजे आणि मास्क लावा, गर्भवती बाई आणि लहान मुलं यांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि जागा ब्लीचने धुवा. घरात कुणाला असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा, कारण माणसांसाठीची नेहमीची ब्रुसेला चाचणीही गाईंच्याच जंतूच्या अँटिजेनवर चालते आणि कॅनिसला तितकीच आंधळी आहे.

नमुना वाया जाऊ नये म्हणून

गाभडलेलं पिल्लू आणि वार हा सगळ्यात मोलाचा नमुना, आणि तोच बहुतेक वेळा पहाटे अंगणात पुरला जातो. दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून, बर्फाच्या पॅकसह थर्मोकोलच्या डब्यात त्याच दिवशी लॅबला पोचवा. तोवर ठेवावं लागलं तर फ्रीजमध्ये चालेल, पण स्वयंपाकघरातल्या नको. डीप फ्रीझरमध्येही टाकू नका. जंतू वाढवून बघायचे असतील तर फॉर्मॅलिनचा थेंबही नको, पेशींच्या रचनेच्या तपासणीसाठी मात्र एक तुकडा वेगळ्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्येच द्यायचा. सीबीसी आणि पीसीआरसाठी जांभळ्या बुचाची नळी, प्रतिपिंडांसाठी लाल. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्या. आणि फॉर्मवर ठळक लिहा: 'गाभडली, ब्रुसेलाचा संशय'. हा जंतू प्लेटवर सावकाश उगवतो, न सांगितल्यास लॅब दोन दिवसांत 'वाढ नाही' म्हणून प्लेट टाकून देते. शिवाय तिथे काम करणाऱ्यांना तो सहज बाधतो, हेही आहेच.

खासगी दर परवडत नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालयं आहेत: परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. केसपेपर थोडक्या पैशांत, औषधं बरेचदा बाहेरून आणावी लागतात, रांग मोठी. पण प्रसूतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा एकाच आवारात असणं ही सोय खासगीत क्वचित मिळते. पुण्याला औंधमध्ये राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे. तिथला भर गुराढोरांवर असल्यामुळे कुत्र्याचा नमुना नेण्याआधी कोणती चाचणी होते ते विचारून जावं.

स्टडची बोली तोंडी करू नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी बंधनकारक आहे, कुत्री किमान १८ महिन्यांची हवी, आणि मेटिंगआधी पशुवैद्यकाचं निरोगी असल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा कागद तसाही करायचाच आहे. त्यात दोन्ही कुत्र्यांच्या ब्रुसेला चाचणीची तारीख, लॅब आणि चाचणीचं पूर्ण नाव लिहा. नुसतं 'ब्रुसेला निगेटिव्ह' असं लिहिलेलं मान्य करू नका. प्रोजेस्टेरॉनचा खर्च कोण करणार आणि कुत्री खाली गेली तर पुढच्या माजाला फेरमेटिंग फुकट की निम्म्या फीत, हेही त्याच कागदावर घ्या. आणि दोघांपैकी कुणाचीही चाचणी नंतर पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्याला आठवड्याच्या आत कळवायचं, अशी ओळ घालून दोन्हीकडच्या सह्या घ्या.